रोमच्या सम्राटाचा केसपेपर

इतिहासातल्या क्रूर राजाची गोष्ट निघाली की ‘तो वेडाच होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. रोमचा सम्राट कॅलिग्युला हा त्या यादीतला मानकरी. घोड्याला राज्याचे सर्वोच्च पद द्यायला निघालेला राजा म्हणून पुष्कळांनी त्याचे नाव ऐकले असेल. अनेक डॉक्टरांनी त्याच्या रोगाचे निदान करून पाहिले आहे. आज आपणही त्याचा केसपेपर काढू.

खरे नाव गायस, जन्म इ.स. १२. ‘कॅलिग्युला’ म्हणजे छोटा बूट. वडिलांच्या छावणीत सैनिकांनी लाडाने ठेवलेले नाव. सुएटोनियस हा चरित्रकार लक्षणे देतो ती अशी: लहानपणी फिट येत. मोठेपणीही कधी कधी एकाएकी उभे राहता येत नसे. झोप रात्री तीन तासांपेक्षा जास्त नाही, तीही स्वप्नांनी मोडलेली. ढग गडगडले की स्वारी पलंगाखाली.

आता घरची हिस्टरी. सातव्या वर्षी वडील गेले. विषप्रयोगाचा संशय होता. पुढे सम्राट टायबेरियसने आईला आणि दोघा थोरल्या भावांना कैदेत टाकले. इ.स. ३३ पर्यंत तिघेही मेले, त्यातला एक भाऊ कोठडीत उपासमारीने. आणि त्याच टायबेरियसने उरलेल्या या पोराला काप्री बेटावर स्वतःजवळ ठेवून घेतले. तिथे सहा वर्षे त्याने आईभावांचे दुःख चेहऱ्यावर दिसू दिले नाही. दिसले असते तर चौथा नंबर त्याचाच होता! सतत धास्तीत वाढलेले मूल पुढे प्रत्येकाच्या नजरेत दगा शोधू लागते, हे मानसशास्त्र आज सांगते. माझ्या मते केसपेपरवरची सर्वांत महत्त्वाची नोंद हीच.

इ.स. ३७ च्या मार्चमध्ये, चोविसाव्या वर्षी तो गादीवर आला. सुरुवातीचे महिने चांगले गेले. हद्दपार केलेल्यांना त्याने परत बोलावले. शरद ऋतूत मोठे आजारपण आले, त्यातून तो उठला, आणि मग खून सुरू झाले. इथेच डॉक्टर मंडळी पुढे सरसावतात. कोणी म्हणतो मेंदूज्वर, कोणी अपस्मार, कोणी थायरॉईड, तर कोणी शिशाची विषबाधा. पण आजारानंतर पहिले बळी कोण, ते पाहा. एक टायबेरियसचा नातू, म्हणजे गादीचा दुसरा वारस. दुसरा अंगरक्षक दलाचा प्रमुख मॅक्रो. राजा अंथरुणाला खिळलेला असताना लोकांचे डोळे यांच्याकडेच लागणार. याला वेड म्हणायचे, की भेदरलेल्या माणसाचा हिशेब? मला दुसरे जास्त पटते.

शिवाय हिस्टरी सांगणारे कोण? सुएटोनियसने लिहिले ते राजाच्या मृत्यूनंतर सुमारे ८० वर्षांनी. टॅसिटस या मोठ्या इतिहासकाराची या कारकिर्दीवरची प्रकरणे हरवली आहेत. राजाला प्रत्यक्ष भेटलेला फिलो आपल्या ज्यू समाजाचे गाऱ्हाणे घेऊन गेला होता आणि अपमानित होऊन परतला. घोड्याचे म्हणाल तर तसा ‘बेत होता म्हणतात’ एवढेच सुएटोनियस लिहितो; पद कधी दिले गेले नाही. कदाचित ती दरबाऱ्यांची केलेली थट्टाही असेल.

पेशंट न तपासता निदान करण्याचा मोह आजच्या डॉक्टरांनाही सुटलेला नाही. १९६४ साली अमेरिकेत एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनःस्थितीबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मते मागवली. १,१८९ जणांनी ते पदाला अयोग्य असल्याचे कळवले, न तपासता! गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला: ज्याला तपासले नाही, त्याच्या मनाविषयी जाहीर मत द्यायचे नाही.

क्रूर माणसाला ‘मनोरुग्ण’ ठरवण्यात आणखी एक अन्याय होतो. मनाचे आजार असलेली बहुतेक माणसे कोणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. उलट, लोक आपल्याला भितील या लाजेने ती घरात दडून राहतात आणि औषधाला मुकतात. कॅलिग्युलाला अडवणारा कायदा नव्हता, ‘नाही’ म्हणणारा माणूस नव्हता. त्याच्या हातून झालेले खून समजायला आजाराचे नाव लागतेच असे नाही. इ.स. ४१ मध्ये त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्याला मारले, तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

त्याचा केसपेपर आता कोरा ठेवण्यावाचून इलाज नाही. घरातल्या माणसाचे तसे नाही. तापानंतर कोणी एकदम असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला किंवा फिट आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ते मेंदूज्वराचे लक्षण असू शकते. झोप अनेक दिवस उडाली, संशय वाढला, तर ‘आमचा भाऊ असे असे करतो, गोळ्या लिहून द्या’ म्हणून एकट्याने येऊ नका. भावालाच घेऊन या. तो येत नसेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून, त्याला कसे आणावे ते विचारा.