मरावंसं वाटतंय? मदतीला पैसे किती लागतात

‘जगावंसं वाटत नाही’ असं घरातलं कुणी बोललं की डॉक्टरांचा विषय निघतो आणि पैशांवर येऊन अडतो. म्हणून खर्चाचा हिशेब आधी पाहू.

पहिला फोन फुकट आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही करावा.

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवता येतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. खरा खर्च असतो तो एसटीच्या भाड्याचा आणि रुग्ण आणि सोबती अशा दोघांच्या बुडणाऱ्या रोजाचा. तोही एकदाच नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून पुढच्या दोन-तीन फेऱ्यांचे पैसे आजच बाजूला काढा. ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.

खासगीत मोठ्या शहरांत एका भेटीला हजार-दोन हजार सहज जातात, समुपदेशनाचे पैसे वेगळे. वेळ घेतानाच फेरतपासणीची फी विचारा, सवलत मागायला लाजू नका. जेनेरिक गोळ्या चालतील का, हेही विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. मात्र बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, बाह्यरुग्ण खर्च तपासून घ्या.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या धाकानं तो लपवू नका. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा हाच कायदा धरून चालतो, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात चेन्नईही होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांपैकी एका गटाशी तासभर बोलायचं आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच जादा केलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येनं गेले, या गटात ०.२ टक्के. म्हणून डॉक्टर निवडताना फीआधी एक प्रश्न विचारा: ‘घरी गेल्यावर आमची चौकशी कोण करणार?’ उत्तर मिळालं नाही, तर घरातल्या एकानं ते काम अंगावर घ्यावं आणि पुढच्या फोनची तारीख कॅलेंडरवर लिहावी. ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं विचार रुजत नाही. जीवाला धोका होईल अशा वस्तू आणि औषधं काही दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. याला एक रुपयाही लागत नाही.

हे वाचताना तुमच्याच मनात तसं काही चाललं असेल, तर पैशांचं नंतर बघू. आत्ता १४४१६ लावा, आणि जवळच्या एकाला सांगा, ‘मला आज एकटं ठेवू नकोस.’