ॲलर्जीवरील नवी औषधे : एक तौलनिक विचार

गडमुडशिंगी परिसरात ऊसतोडीच्या हंगामातील धूळ, गोठ्यातील वैरणीचा कोंडा आणि बांधावरचे गाजरगवत यांमुळे शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज अशा तक्रारी नेहमीच्याच. अंगावर ‘पित्त उठणे’ हाही त्यांचाच भाऊबंद. मात्र नावाप्रमाणे त्याचा पोटातील पित्ताशी संबंध नसून, त्वचेतील पेशींमधून पाझरणाऱ्या हिस्टामाइन या द्रव्याने ती खाज व गांधी उद्भवतात. या द्रव्यास अटकाव करणारी औषधे म्हणजे अँटिहिस्टामाइन.

क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात व गुंगी आणतात. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ती आजही असतात. रात्री उसाची ट्रॉली कारखान्याकडे नेणाऱ्या चालकाला अशी गोळी देणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर. वयोवृद्धांत त्यांमुळे लघवी तुंबण्याचाही संभव असतो.

नव्या पिढीतील सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन यांच्या गुणात फारसे अंतर नाही. निवड करावयाची ती रुग्णाकडे पाहून. सेटिरिझिन त्वरित गुण देते, तथापि काहींना त्याने झोप येते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाच्या विकारात मात्रा कमी करावी लागते. लेव्होसेटिरिझिन हा त्याचाच अर्धा, क्रियाशील भाग. म्हणून दहाऐवजी पाच मिलिग्रॅम पुरतात. ते झोप मुळीच आणत नाही, हा समज मात्र बरोबर नाही. लोराटाडिनने गुंगी क्वचित येते. यकृताचा विकार असल्यास जपून वापरावे. वाहनचालकांस फेक्सोफेनाडिन सर्वांत सोयीचे. मात्र ते पाण्याबरोबरच घ्यावे. संत्र्याच्या वा सफरचंदाच्या रसाने त्याचे शोषण घटते.

फेक्सोफेनाडिनचा जन्मही बोधप्रद आहे. त्याचे पूर्वरूप टरफेनाडिन, एरिथ्रोमायसिनसारख्या औषधांसोबत घेतल्यास हृदयाची लय बिघडवीत असे. १९९८ साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली. टरफेनाडिनपासून शरीरात तयार होणारा निर्धोक अंश तोच फेक्सोफेनाडिन.

लेव्होसेटिरिझिन व मॉन्टेलुकास्ट यांची जोडगोळी हल्ली सर्रास घेतली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींच्या मनःस्थितीवर विपरीत परिणाम होतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. केवळ शिंकांसाठी ती प्रथम देणे आम्हांस उचित वाटत नाही.

चोंदलेल्या नाकावर या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो. तेथे नाकात मारावयाचा स्टिरॉइडचा फवारा सरस ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत लोराटाडिन असून, त्याला पर्याय म्हणून सेटिरिझिन आहे. धर्मादाय औषध भांडारात ही दोन स्वस्त औषधे अखंड असावीत आणि देणगीचा पैसा महागड्या मिश्रणांवर खर्ची पडू नये, असे आमचे मत आहे.

मधमाशी चावल्यावर वा एखादे औषध घेतल्यावर ओठ सुजले, धाप लागली, भोवळ आली, तर गोळीची वाट पाहू नये. तेथे मांडीत द्यावयाचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय.