नित्याच्या शिंका व त्यांच्या कारणाचा शोध

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवण्यात आल्या. त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रोग जाणण्यासाठी प्रथम नीट नोंद ठेवावी, हा त्यांतून मिळणारा धडा वारंवार येणाऱ्या शिंका व वाहते नाक यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या विकारालाही लागू पडतो.

साधे पडसे विषाणूंमुळे होते व बहुधा आठ-दहा दिवसांत बरे होते. परंतु शिंका महिनोन्महिने येत असतील, नाक व डोळे खाजत असतील, स्राव पाण्यासारखा असेल आणि ताप नसेल, तर वावड्याचा, म्हणजेच ॲलर्जीचा, संशय घ्यावा. या विकारात शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे तो पदार्थ नाकात शिरताच तेथील पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते व शिंका सुरू होतात.

हा पदार्थ ओळखावा कसा? इंग्लंडमधील मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा विकार होता. त्यांनी गवताचे पराग स्वतःवर लावून पाहिले, हवेतील पराग काचपट्टीवर धरून मोजले व १८७३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजचा शोधही याच वाटेने जातो.

प्रथम रोजनिशी ठेवावी. तंजावर हा भातशेतीचा व दमट हवेचा प्रदेश आहे. तेथे भाताच्या मळणीच्या वेळी शिंका येत असतील, तर धान्याची धूळ व बुरशीची बीजुके. जुन्या पोथ्या उघडताच येत असतील, तर त्यांवरील धूळ व बुरशी. पहाटे अंथरुणात येत असतील, तर गादीतील माइट, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तृतीयांश लांबीचा अष्टपाद जीव, यांकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर डॉक्टर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब हातावर ठेवून त्वचेला हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठल्यास परीक्षा होकारार्थी ठरते. मात्र गांधी उठूनही त्या पदार्थाचा त्रास न होणारी माणसे पुष्कळ असतात. म्हणून परीक्षा व रोजनिशी यांचा मेळ बसला, तरच कारण सापडले असे समजावे. परीक्षा नकारार्थी आल्यास धूर, उग्र वास किंवा गार हवा यांचा विचार करावा लागतो.

हा शोध न घेतल्यास प्रतिजैविके निष्कारण पोटात जातात व दम्यासारखा सोबतचा विकार दुर्लक्षित राहतो. कित्येकदा निर्दोष वस्तूवरही ठपका येतो. पोथ्यांना भिऊन ग्रंथपालाने आपले काम सोडावे आणि खरा अपराधी घरच्या गादीत असावा, असेही घडू शकते.