मंद दिव्याचें कारण

विद्यार्थिमित्रहो, फळ्यावर लिहिलेला ओहमचा नियम परीक्षेपुरता पाठ करावयाचा असतो, अशी तुमच्यापैकीं बहुतेकांची समजूत असेल. त्या नियमाचें विस्मरण आमच्या जिवावर कसें बेतलें होतें, हें येथें सांगावयाचें आहे.

आमची मोटारसायकल बरीच जुनी, म्हणजे ६ व्होल्टची आहे. गेल्या ऊसतोडणीच्या हंगामांत शेजारच्या गांवची सायंकाळची उपासना आटोपून आम्ही तिच्यावरून परत येत होतों. दिव्याचा उजेड पिवळसर व इतका क्षीण कीं, वाटेंत उभी असलेली उसाची बैलगाडी दहा-बारा हातांवर आली तेव्हांच दिसली. ईश्वरकृपेनें ब्रेक लागला. गाडीस कंदील कां बांधला नाहीं, असें आम्ही रागानें विचारलें. गाडीवान ओळखीचा निघाला. तो शांतपणें म्हणाला, "मास्तर, तुमचा तरी दिवा कुठं हाय?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जें केलें, तें शास्त्र शिकविणारास शोभणारें नव्हतें. ३० वॅटचा बल्ब काढून ६० वॅटचा बसविला. उजेड नांवापुरता वाढला. परंतु चार रात्रींत बॅटरी उतरली व बल्बची बैठक वितळूं लागली. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे प्रवाह निघतो. ३० वॅटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो, तर ६० वॅटचा १०. आमचा डायनॅमो ४५ वॅटचा, म्हणजे साडेसात अँपिअरच देणारा. उरलेला भार बॅटरीवर पडला आणि दुप्पट प्रवाहानें जुन्या तारा तापल्या.

मग जें आधींच करावयास हवें होतें तें केलें. जुना बल्ब परत बसवून मोजमाप घेतलें. दिवा लावून ठेवून व्होल्टमीटरनें पाहतां बॅटरीपाशीं ६ व्होल्ट भरले, बल्बपाशीं मात्र ५. हें माप दिवा चालू असतांनाच घ्यावें. प्रवाह वाहत नसेल तर दाब घटत नाहीं व दोष लपून राहतो.

१ व्होल्ट वाटेंतच हरवला होता. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें दाबास प्रवाहानें भागिलें कीं रोध मिळतो. सोयीसाठीं प्रवाह ५ अँपिअर धरिला तर रोध ०.२ ओहम होतो. एवढासा रोध क्षुल्लक वाटेल. परंतु तप्त तारेच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या सुमारें ३.४ व्या घाताच्या प्रमाणांत बदलतो. म्हणून दाब पांच-षष्ठांश झाला तेव्हां प्रकाश जवळजवळ निम्म्यावर, ५४ टक्क्यांवर आला. तेवढाच रोध १२ व्होल्टच्या गाडींत ३० वॅटच्या बल्बच्या मार्गांत असता तर केवळ अर्धा व्होल्ट घटला असता व सुमारें ८७ टक्के प्रकाश उरला असता. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांस लहानसा दोषही कां भोंवतो, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां दोष कोठें होता? तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या ३ मीटर तारेचा रोध सुमारें ०.०७ ओहम भरतो. बाकीचा रोध सांध्यांचा होता. स्विचचीं टोंकें काळवंडलीं होतीं. शिवाय प्रवाहाची परतीची वाट गाडीच्या सांगाड्यांतून होती, व तेथें रंग आणि गंज यांनीं ती अडविली होती.

उपाय आम्हीं या क्रमानें केले. प्रथम बॅटरी सोडवून सर्व सांधे बारीक पॉलिश कागदानें घांसून घट्ट केले. दुसरें, दिव्यापासून बॅटरीच्या अर्थच्या टोंकापर्यंत परतीची स्वतंत्र तार नेली. तिसरें, २.५ चौरस मिलिमीटरची जाड तार बॅटरीपासून फ्यूज व रिले यांमधून दिव्याकडे नेली. रिले हा विजेनें चालणारा स्विच होय. त्यामुळें हँडलवरील स्विचांतून केवळ रिलेपुरता अल्प प्रवाह जातो. दूरच्या व जवळच्या झोतांस वेगवेगळा रिले लागतो. पुन्हां मोजतां बल्बपाशीं ५.८ व्होल्ट भरले. म्हणजे तोच बल्ब सुमारें ८९ टक्के प्रकाश देऊं लागला.

एक काम उरलें होतें. सपाट जमिनीवर भिंतीपासून साडेसात मीटरांवर गाडी उभी करून, तिच्यावर बसून, जवळच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीहून थोडी खालीं येईल असा दिवा वळविला. आपला उजेड समोरून येणाराचे डोळे दिपवील, तर तो उजेड नव्हे, उपद्रव होय. बाजारांत मिळणारे एलईडी बल्ब थोडा प्रवाह घेतात हें खरें. पण जुन्या दिव्याचा अंतर्गोल आरसा तप्त तारेच्या नेमक्या जागेसाठीं घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून हलला कीं झोत विस्कटतो व समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

विद्यार्थिमित्रहो, आमची बॅटरी निर्दोष होती, बल्बही निर्दोष होता. या दोहोंमधील सांधा तेवढा गंजला होता. अधिक प्रकाशासाठीं आपण देवाजवळ मागणें करितों; कित्येकदां आपल्या बाजूचा सांधा घांसणें हेंच करावयाचें उरलेलें असतें.

पुढल्या खेपेस त्या गाडीवानासाठीं आम्हीं एक लाल परावर्तक पट्टी नेली व आपल्या हातांनीं त्याच्या गाडीच्या मागें लाविली. परततांना वळणावरून ती लांबून चमकतांना दिसली.