वकील ते वकील : बाळासाहेब खेर

आज आपल्यापैकी कुणाच्या घरी वकील असतील तर ते काळा कोट घालून उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात जातात. पण आपल्या पूर्वजांच्या मोडी पत्रांत 'वकील' म्हणजे दुसऱ्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे असे वकील होते. १७८४ साली बादशहाने पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक' हे पद दिले, आणि त्यांच्या वतीने ते सांभाळले आपल्या महादजी शिंद्यांनी. एकाच आयुष्यात या दोन्ही अर्थांनी वकील झालेले एक मराठी गृहस्थ म्हणजे बाळ गंगाधर खेर. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीस झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते पदवीधर झाले, संस्कृतात त्यांना विशेष गती होती. पुढे कायदा शिकून ते सॉलिसिटर झाले आणि १९१८ साली भागीदारांबरोबर त्यांनी स्वतःची फर्म काढली.

सॉलिसिटर म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळच्या मुंबईत न्यायाधीशापुढे उभे राहून वाद घालण्याचे काम बॅरिस्टर करीत. सॉलिसिटर पक्षकाराचे म्हणणे ऐकून घेई, कागद तपासी, मसुदा लिही आणि होता होईतो तंटा बाहेरच मिटवून टाकी. टाळ्या मिळवून देणारे हे काम नव्हे. मात्र परदेशात देशाचे काम पाहायचे तर याहून चांगली तालीम कोणती, असे आम्हांला वाटते.

चालती फर्म असताना खेर १९३० च्या कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. पुढेही त्यांना पुन्हा पुन्हा कारावास घडला. घरी पालकांना विचारून पाहा, जमलेला व्यवसाय असा बाजूला ठेवणे किती अवघड असते. १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच नाव होते). सत्याग्रहात सरकारजमा झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या सरकारने परत देवविल्या. १९३९ साली हिंदुस्थानला न विचारताच इंग्रजांनी त्याला युद्धात ओढले, तेव्हा मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ ते १९५२ ते पुन्हा त्या पदावर होते. पुणे विद्यापीठ याच काळात स्थापन झाले.

१९५२ साली, चौसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांची लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून नेमणूक झाली. राजदूत न म्हणता हायकमिशनर का? राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे जो प्रतिनिधी पाठवतात त्याला हे नाव आहे. कॅनडाचा दिल्लीतला प्रतिनिधीही हायकमिशनरच. खेरांच्या आधी तेथे कृष्ण मेनन होते, नंतर विजयालक्ष्मी पंडित आल्या. १९५३ च्या जूनमध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला तेव्हा खेर लंडनमध्येच होते. ज्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, त्याच्याच राजधानीत आता ते स्वतंत्र भारताचे वकील होते! १९५४ मध्ये ते परतले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले.

त्यांचे अखेरचे मोठे काम आपल्या शाळेशी जवळचे नाते सांगणारे आहे. १९५५ साली राष्ट्रपतींनी राजभाषा आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद खेरांकडे आले. इंग्रजीची जागा हिंदीने केव्हा आणि कशी घ्यावी, हा प्रश्न होता. मराठी मातृभाषेच्या माणसाने हिंदीविषयीच्या आयोगाचे अध्यक्ष व्हायचे, म्हणजे दोन्हीकडचे शब्द झेलणे आलेच. १९५६ मध्ये अहवाल सादर झाला. डॉ. सुब्बरायन आणि सुनीतिकुमार चतर्जी या सदस्यांना तो मान्य नव्हता. त्यांची भिन्न मते अहवालासोबतच छापली गेली, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

त्याच १९५६ साली १ नोव्हेंबरला मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला आणि ग्वाल्हेरची मराठी माणसे भाषिक अल्पसंख्य म्हणून त्या राज्यात आली. राज्यघटनेत त्याच वेळी ३५०-अ हे कलम जोडले गेले : अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, यासाठी राज्याने प्रयत्न करावा. विश्वस्त मंडळींना हे कलम परिचित असेलच. मुलांनी मात्र ते एकदा वहीत उतरवून घ्यावे.

८ मार्च १९५७ रोजी खेर यांचे निधन झाले. आपल्या घरी जुनी मोडी पत्रे असतील तर आजोबा-आजींना विचारा, त्यांत कुठे 'वकील' हा शब्द येतो का. सापडल्यास शाळेत जरूर घेऊन या, आपण ते पत्र एकत्र वाचू.