नव्या तलंगा आणि जुन्या कोंबड्या

मुलांनो, आपल्याकडे बऱ्याच घरी परसात पाच-दहा कोंबड्या असतात. आठवडी बाजारातून नव्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, आणल्या जातात आणि त्याच संध्याकाळी जुन्यांच्या खुराड्यात कोंडल्या जातात. सकाळी एखादीचं डोकं रक्ताळलेलं! मग आजी म्हणते, "जुन्या लई द्वाड हायेत."

हा द्वाडपणा नाही. दाणे आधी कोण टिपणार, उंच दांडीवर कोण बसणार, याचा प्रत्येक कळपात क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे थोरलीफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ मध्ये हा टोचण्याचा क्रम शास्त्रीय रीतीने मांडला. नवी कोंबडी आली की तो क्रम पुन्हा ठरवावा लागतो, म्हणून टोचाटोची होते. थोडी होणारच.

पण टोचण्याआधी रोगाचा विचार करायचा. नव्या तलंगा किमान दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या जागी ठेवाव्यात. दाणापाण्याची भांडीही वेगळी. आधी जुन्यांना खायला घालायचं, मग नव्यांना. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. त्यामुळे विकणाऱ्याला लसीबद्दल विचारायलाच हवं. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीसुद्धा रोग घेऊन येऊ शकते.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही, अशी. तलंग अंगानं जुन्यांच्या जवळपास आली की मगच जाळी काढावी. एकटी तलंग कधीच सोडू नये, सगळा मार तिलाच बसतो. दोघी-तिघी एकदम सोडाव्यात. त्याही खुराड्यात नव्हे, मोकळ्या अंगणात. दाणे दोन-तीन ठिकाणी टाकावेत. आडोशाला तिरकी फळी किंवा मोडकी बाज ठेवली तर पळून लपता येतं. हे फुकटचं काम आहे, पण फार उपयोगी!

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, ते लहान वयात मूत्रपिंडाला बाधतं. म्हणून सगळ्यांना वाढीचं खाद्य द्यावं आणि जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

पाठलाग, एखादी चोच, चार पिसं गळणं चालतं. रक्त दिसलं की मात्र लगेच तिला बाजूला काढा. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात. जखम भरल्यावर पुन्हा जाळीपासून सुरुवात.

उपक्रम: घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील तर आठवडाभर रोज सकाळी पाहा. पहिला दाणा कोण टिपते? कोण कोणाला टोचते? वहीत तक्ता करून आणा.