चादरीवरचे चौकोन आणि संगणकाचा पडदा

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा. घरातील सोलापुरी चादर दिव्याखाली धरा आणि तिच्यावरील फुलाच्या पाकळीची कड अगदी जवळून पाहा. लांबून गोल दिसणारी ती कड जवळून मुळीच गोल नसते. जिन्याच्या पायऱ्यांसारखी ती टप्प्याटप्प्याने चढत जाते. आता एखाद्या मोबाइलवर कोणतेही चित्र उघडा आणि ते मोठे, आणखी मोठे करीत जा. तेथेही शेवटी तशाच पायऱ्या दिसू लागतील.

हा योगायोग नाही. हे दोन्ही एकाच कल्पनेचे कपडे आहेत. ती कल्पना कोणती आणि तिच्यामागे चालत गेलेला माणूस संगणकाचा प्रोग्रॅमर कसा होतो, हे या लेखात पाहू.

हा विषय निघाला तो एका विद्यार्थ्यामुळे. तो बारावीत होता. त्याचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात नक्षीची कार्डे तयार करीत. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, संगणकावर चित्रे काढणारे, खेळ तयार करणारे लोक कोठून येतात? आमच्या घरात तर कोणाला त्यातले काही कळत नाही. मला ते जमेल का?" मी त्याला म्हटले, "उद्या येताना वडिलांचा आलेखकागद घेऊन ये. मग बोलू."

भोक म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य

मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यांच्यामधून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. बाणा जाण्याच्या वेळी कोणते उभे धागे वर उचलायचे, यावर नक्षी ठरते. एकेक धागा हाताने निवडून उचलायचा, तर फार वेळ लागतो. १८०४ साली फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने यावर उपाय केला. त्याने पुठ्ठ्याची कार्डे वापरली. कार्डात भोक असेल तेथील धागा उचलला जातो. भोक नसेल तेथील धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्यासाठी एक कार्ड. कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ केली, की नक्षी आपोआप विणली जाते.

सोलापूरची चादर ज्या जॅकार्डवर विणली जाते, ते हेच. नक्षी आधी आलेखकागदावर काढतात. चौकोन भरलेला की रिकामा, एवढाच प्रश्न. त्यावरून कार्डाला भोके पाडतात. समजा, नक्षीची एक ओळ फक्त आठ चौकोनांची आहे. प्रत्येक चौकोनाला दोन पर्याय. म्हणजे त्या ओळीचे २ चा ८ वा घात, अर्थात २५६ प्रकार होऊ शकतात. संगणकाच्या भाषेत आठ बिटांचा एक बाइट होतो आणि त्याचेही २५६ प्रकारच असतात.

जॅकार्डची कल्पना किती दूर जाऊ शकते, ते १८३९ साली दिसले. त्या वर्षी लियाँमध्ये रेशमात जॅकार्डचेच चित्र विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज याच्याकडे होती. बॅबेज आकडेमोड करणाऱ्या एका यंत्राची योजना आखीत होता आणि त्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याने भोके पाडलेली कार्डेच निवडली. आदा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली या यंत्रावर टिपणे लिहिली. माग जशी फुले आणि पाने विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, अशी तुलना तिने त्यांत केली आहे. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची मोजदाद हर्मन हॉलरिथ याच्या कार्डयंत्रांवर झाली. विसाव्या शतकात प्रोग्रॅमर आपल्या आज्ञा कितीतरी वर्षे कार्डांवरच भोके पाडून देत असत.

पडद्यावरचे वीस लाख चौकोन

आता संगणकाच्या पडद्याकडे वळू. पडदा हाही एक आलेखकागदच आहे. त्यावरील एका चौकोनाला चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. आज नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० पिक्सेल असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकाच्या रंगासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागले.

हा आकडा केवढा आहे, ते एका तुलनेने कळेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली टिफ्रॅक हा संगणक तयार झाला. त्याला आलेख आणि अक्षरे दाखविणारा कॅथोड किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. त्याच्या मुख्य स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत; म्हणजे १०,२४० बाइट. आजच्या पडद्यावरचे एकच चित्र साठवायला असे सहाशेहून अधिक टिफ्रॅक लागले असते! तरीही टिफ्रॅकवर काम करणाऱ्यांनी जो विचार केला, तोच आजचा प्रोग्रॅमर करतो: कोणता ठिपका उजळायचा आणि कोणता नाही.

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड याने स्केचपॅड नावाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, आपल्या प्रबंधासाठी तयार केली. प्रकाशलेखणी पडद्याला लावून माणूस थेट रेषा काढू लागला. संगणकचित्रणाचा खरा आरंभ पुष्कळ जण येथून मानतात.

एक रेषा काढून पाहा

आता कागद-पेन्सिल घ्या. आलेखकागदावर डावीकडून उजवीकडे नऊ उभे स्तंभ मोजा आणि त्यांना ० ते ८ असे क्रमांक द्या. खालून वर ०, १, २, ३ अशा चार ओळी घ्या. स्तंभ ०, ओळ ० या घरापासून स्तंभ ८, ओळ ३ या घरापर्यंत सरळ रेषा "काढायची" आहे; पण अट अशी, की प्रत्येक स्तंभात एकच घर भरायचे. कोणती घरे भराल?

भागाकार करून उत्तर काढता येईल. परंतु १९६२ साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या जॅक ब्रेसनहॅम याच्यापुढे हाच प्रश्न होता आणि त्याच्या वेळच्या यंत्राला भागाकार फार जड जात असे. त्याने केवळ बेरीज, वजाबाकी आणि तुलना यांवर चालणारी रीत शोधली. ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. ती रीत आपण दुकानाच्या खात्यासारखी समजून घेऊ.

एक घर उजवीकडे गेलात, की खात्यात ३ जमा करा. एक ओळ वर चढण्याची किंमत ८ आहे. खात्यात निम्मे, म्हणजे ४ किंवा त्याहून अधिक जमले, की वर चढा आणि ८ वजा करा. कमी पडले तर तेवढी उधारी मांडा.

स्तंभ १: जमा ३. कमी आहे. ओळ ०.
स्तंभ २: जमा ६. चढा. ओळ १. खाते उणे २.
स्तंभ ३: जमा १. ओळ १.
स्तंभ ४: जमा ४. चढा. ओळ २. खाते उणे ४.
स्तंभ ५: उणे १. ओळ २.
स्तंभ ६: जमा २. ओळ २.
स्तंभ ७: जमा ५. चढा. ओळ ३. खाते उणे ३.
स्तंभ ८: खाते शून्य. ओळ ३.

खाते चुकते झाले आणि आपण बरोबर ठरलेल्या घरात पोहोचलो. भागाकार नाही, अपूर्णांक नाही. आता ३ आणि ८ यांच्या जागी इतर आकडे घालून पाहा. एकच रीत पुष्कळ रेषांना लागू पडते, हे तुमच्या लक्षात येईल. एक रेषा काढणे ही चित्रकला झाली. अशी कोणतीही रेषा निघेल असा नियम लिहिणे, हे प्रोग्रॅमिंग. तुम्ही आत्ता त्या वाटेवरचे पहिले पाऊल टाकले आहे.

अक्षरांची नक्षी

दुसरे पाऊल आपल्या भाषेतले आहे. संगणकावर "कि" हे अक्षर कसे उमटते? आपण उच्चारताना आधी क म्हणतो आणि मग इकार. संगणकाच्या स्मृतीतही तोच क्रम असतो. पण लिहिताना वेलांटी क च्या आधी, डावीकडे येते! म्हणजे पडद्यावर दाखविताना प्रोग्रॅमने क्रम बदलला पाहिजे. "कर्म" मधील र तर उडी मारून म च्या डोक्यावर बसतो. "क्ष" आणि "त्र" यांची गोष्ट आणखी वेगळी. हे सारे नियम कोणीतरी बसून, नेमके, यंत्राला कळतील असे लिहावे लागतात.

हे काम करणाऱ्यांत र. कृ. जोशी यांचे नाव ठळक आहे. ते मुळात सुलेखनकार आणि अक्षरकलेचे शिक्षक. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले आणि नंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीएसटीत, संगणकतज्ज्ञांबरोबर काम केले. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे मराठी ज्या अक्षरांत दिसत आली, तो "मंगल" टंक त्यांनी रेखाटला. त्यांचे निधन २००८ साली झाले. बोरू हाती धरणारा माणूस संगणकापर्यंत पोहोचला, कारण अक्षराचे वळण त्याला इतरांपेक्षा अधिक कळत होते.

वाट कशी चालायची?

प्रोग्रॅमरची वाट साधारणपणे अशी जाते. पहिल्यांदा तो एखादे छोटे काम यंत्राकडून करून घेतो. त्यात चुका निघतात. त्या शोधण्यात दिवस जातात. मग तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या वाचतो, दुरुस्त करतो. त्यानंतर अनेक जण मिळून एक मोठी आज्ञावली लिहितात. तेव्हा आपले लिहिणे दुसऱ्याला समजेल असे ठेवणे, ते तपासणे आणि वापरणाऱ्याची अडचण ऐकून घेणे, हे हुशारीइतकेच महत्त्वाचे ठरते.

साधने मात्र बदलत राहतात. फोरट्रान ही भाषा १९५७ साली आली, सी १९७२ च्या सुमारास, जावा १९९५ साली. आता तर साध्या वाक्यात सांगितले, की आज्ञावली लिहून देणारी साधनेही आली आहेत. मग शिकायचे कशासाठी? कारण त्याने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे वर दिलेले खाते ज्याने स्वतः एकदा मांडले आहे, तोच सांगू शकतो. भाषा जुन्या झाल्या. ब्रेसनहॅमची रीत अजूनही शिकविली जाते.

सुरुवात कोठून झाली, यालाही फारसे महत्त्व नाही. अच्युत गोडबोले यांचे शालेय शिक्षण आपल्या सोलापुरातच झाले. आयआयटी मुंबईत ते रसायन अभियांत्रिकी शिकले आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात राहून मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. "मुसाफिर" या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. त्यांच्या वेळी पुढील शिक्षणासाठी गाव सोडावे लागे. आज सोलापुरात १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि २००४ पासून आपले स्वतंत्र विद्यापीठ आहे. दहावीनंतर गणित सोडू नका, इंग्रजीला घाबरू नका आणि रोज थोडे तरी स्वतः करून पाहा. एवढी शिदोरी सुरुवातीला पुरते.

वडिलांचा शेरा

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी आलेखकागद आणला. वर दिलेली रेषा मी त्याच्याकडून काढून घेतली. कागद घेऊन तो घरी गेला. दोन दिवसांनी आला, तेव्हा चौथ्या स्तंभावर पेन्सिलीने एक बारीक खूण होती. ती त्याच्या वडिलांनी केली होती. ते म्हणाले होते, "रेषा ठीक आहे. पण चौथ्या घरात ती बरोबर मध्यावर येते. खालचे भरले काय, वरचे भरले काय, दोन्ही चालते. मात्र फुलाच्या दोन्ही बाजूंना एकच ठरवा, नाहीतर फूल वाकडे दिसेल."

मी स्वतः हिशेब करून पाहिला. चौथ्या स्तंभात रेषेची खरी उंची दीड येते; म्हणजे पहिली आणि दुसरी ओळ यांच्या अगदी मधोमध. हीच रेषा उलट टोकाकडून त्याच नियमाने काढली, तर तेथे वेगळे घर भरले जाते. संगणकचित्रण शिकविताना हा मुद्दा खरोखरच सांगावा लागतो. मी तो त्याला सांगायला विसरलो होतो.

"घरात कोणाला त्यातले काही कळत नाही," असे तो म्हणाला होता. त्या कागदाकडे बोट दाखवून मी त्याला एवढेच म्हटले, "आता पुन्हा म्हण."

तो हसला. मग त्याने विचारले, "सर, रेषा आडवी जाण्यापेक्षा वर जास्त चढत असेल, तर ही रीत चालेल का?"

मित्रांनो, हा प्रश्न तुमच्यासाठीही ठेवतो. स्तंभ ०, ओळ ० पासून स्तंभ ३, ओळ ८ पर्यंत रेषा काढून पाहा. प्रत्येक स्तंभात एकच घर भरले, तर रेषा तुटक दिसेल. नियमात काय बदलावे लागेल? कागद थोडा फिरवून पाहा, उत्तर सापडेल.